गायक मधोमध उभा राहत नाही

नालवाडी, वर्धा
६ जुलै २००८

चि. भूपेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

एक गोष्ट तू दुकानात रोज पाहत असशील. डेक चालू असताना लाईन गेली, तर गाणे त्याच क्षणी तुटत नाही. लाल दिवा क्षणभर जळत राहतो, गायक तोंडातला शब्द ओढून नेतो, मग आवाज खाली खाली बसतो आणि विझतो. वीज तर गेलेली असते. मग तो शेवटचा शब्द कोणाच्या जोरावर गायला जातो?

उत्तर तुझ्या मोरीतल्या रांजणात आहे. नळ गेला तरी रांजणातले पाणी पुरते, तसा डेकच्या पोटात विजेचा एक रांजण असतो. दुकानदार त्याला कंडेन्सर म्हणतात, पुस्तकात त्याचे नाव धारित्र. हे मुद्दाम सांगतो, कारण तुझ्यासाठी बनवलेला डबा आज गिरडच्या एसटीने पाठवत आहे आणि त्यात असाच एक मोठा रांजण आहे. स्विच बंद केल्यावर लगेच आत बोट घालू नकोस.

आता डब्याविषयी. यातली एकही वस्तू नवी नाही. बंद पडलेल्या सायबर कॅफेतल्या संगणकाचा बोर्ड, एका डेकची आवाज वाढवणारी पट्टी, जळालेल्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर आणि तेलाचा रिकामा डबा. पट्टीवरचे सांधे मी पुन्हा डाग देऊन पक्के केले. आज्ञावली तुझ्या भाच्याने, नीलेशने, पुण्याहून सीडीवर पाठवली. तुझ्या मंडळाची भजने दुकानातल्या संगणकात आहेतच. तो संगणक आणि हा डबा निळ्या तारेने जोडायचा, की भजन मागच्या खोलीत वाजेल.

यात गंमत अशी की तारेतून गाणे गाणे म्हणून जात नाही. त्याचे आकडे होतात आणि आकड्यांच्या पुड्या बांधून धाडल्या जातात. तू गिऱ्हाईक आल्यावर जिऱ्याची पुडी बांधायला घेत नाहीस, सकाळीच बांधून ठेवतोस. डबाही काही पुड्या आधीच जमवतो, म्हणून एखादी उशिरा आली तरी गायक अडखळत नाही.

जोडून झाल्यावर एक परीक्षा कर. तुझ्या दोन्ही स्पीकरपेट्यांसमोर, बरोबर मध्यावर, हातभर अंतरावर खुर्ची ठेवून बस. डोळे मीट. जोडणी नीट असेल तर गायक कोणत्याही पेटीत नसतो. तो दोन पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथे, उभा असतो. तो तिथे उभा राहिला की मला कळव.

फोनवर आकृती काढता येत नाही, म्हणून पत्रानेच लिहीत जाऊ. सोबतच्या कागदावर तांबड्या शाईची तार धन, निळ्या शाईची ऋण.

तुझा,
पुंडलिकराव


गिरड
१६ जुलै २००८

ती. भाऊजींस,
साष्टांग नमस्कार.

डबा पोचला. कंडक्टरनं तो बॉम्ब असल्यासारखा मांडीवर धरून आणला. उतरवतानी म्हणे, याच्यातून धूर निघाला तं मी जबाबदार नाई.

शनिवारी जोडला. दुकानात बटन दाबलं अन् घरात आमच्या रूपरावचं भजन सुरू झालं. अंजू सैपाकघरातून धावत आली. म्हणे, दुकानातलं गाणं घरात आलं ते ठीक, आता गिऱ्हाइकं नका आणू. रूपरावलेही बोलावून ऐकवलं. आमच्या मंडळाचा मुख्य गायक तो, पण सोताचा आवाज ऐकून म्हणे, हा कोण गाऊन राह्यला, बरा गाते.

तुमची परीक्षा केली. शनिवारी गाणेवाला अगदी मधात उभा होता. मी हात लांब करून पाह्यला, तिथं खरंच काई नाई. भाऊजी, मले हसू आलं.

पण सोमवारी पाहतो तं तो उजवीकडे सरकला. भिंतीले टेकल्यासारखा उभा राह्यते. डावीकडून नुसती बारीक शिट्टी येते, कुकर लागायच्या आधी करते तशी. स्विच बंद केला तरी ते थोडा वेळ राह्यतेच. तुमी सांगतलेला रांजण तोच असन.

पत्राले उशीर झाला, कारण रविवारी सकाळी उठलो तं घर फिरून राह्यलंतं. पित्त असन. दिवसभर पडून होतो. काल तुमचा फोन आलता, पण आवाजच नाई आला. इथं रेंजचं असंच हाय.

सोमवारपासून सांधे पाहून राह्यलो. दोष सापडला नाई. ताईले नमस्कार.

तुमचा,
भूपेंद्र


नालवाडी, वर्धा
२० जुलै २००८

चि. भूपेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि खरे सांगतो, आनंद झाला. निर्दोष चालणारे यंत्र माणसाला काहीच शिकवत नाही. आता आपण दोषाला टप्प्याटप्प्याने कोंडीत पकडू.

पहिला प्रश्न शिट्टीचा. बंद केल्यावरही ती राहते, याचा अर्थ तू बरोबर ओळखलास. रांजण पूर्ण रिकामा होत नसावा. तो मागाहून पाहू.

दुसरा आणि मुख्य प्रश्न, गायक उजवीकडे का सरकला. यासाठी काहीही उघडू नकोस. दोन्ही पेट्या त्यांच्या तारांसकट उचल आणि जागा बदलून ठेव: डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. खुर्ची तिथेच. आता ऐक. गायक डावीकडे गेला, तर दोष पेटीबरोबर हलला, म्हणजे तो डब्यात किंवा पेटीत आहे. गायक उजवीकडेच राहिला, तर दोष हलला नाही, म्हणजे तो खोलीत आहे. तिसरी शक्यता नाही.

खोलीत दोष कसा असेल, असे तुला वाटेल. तुझ्या मागच्या खोलीत डाव्या भिंतीला साखरेची पोती रचलेली असतात, हे मला आठवते. तागाचे पोते आवाज पिऊन टाकते आणि उजवीकडची सिमेंटची भिंत तो परत फेकते. पोती पलीकडे हलवून पुन्हा ऐक. सोबत आकृती जोडली आहे; या वेळी पोती हिरव्या शाईने दाखवली आहेत.

रविवारी तुझे पित्त वाढले होते. सुंठसाखर घे.

तुझा,
पुंडलिकराव


गिरड
२८ जुलै २००८

ती. भाऊजींस,
साष्टांग नमस्कार.

तुमी सांगतलं तसं केलं. पेट्या बदलल्या. गाणेवाला उजवीकडेच राह्यला. मंग पोती हलवली. प्रेमदासले बोलावलं होतं, तो हमाल मानूस, पोते उचलतानी विचारे, शेठजी, हे कोणाच्या लग्नासाठी करून राह्यलो आपण? त्याले सांगतलं, एका गाणेवाल्याले खोलीच्या मधात आणाचं हाय.

पोती हलवूनही फरक नाई.

अंजूले खुर्चीवर बसवून विचारलं. ते म्हणे, मधातच तं हाय, बरोबर हाय, तुमी काऊन एवढी उलथापालथ करून राह्यले. पण भाऊजी, तिले साऊंडमधलं काय समजते.

गेल्या सोमवारी भजनात माही झील दोनदा चुकली. रूपरावनं ओळ सोडली अन् मी ती उचललीच नाई. सगळ्याइच्या पुढं म्हणे, भूपेन, कान दुकानात ठेवून आला का रे? सारे हसले. मीही हसलो. डब्याचाच विचार चालू असते डोक्यात.

खोली नसन तं रांजणच असन. तुमी म्हणसान तसं करतो.

तुमचा,
भूपेंद्र


नालवाडी, वर्धा
१ ऑगस्ट २००८

चि. भूपेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही भिंती निर्दोष ठरल्या, हीसुद्धा प्रगतीच आहे. माझा तर्क आता असा की, दोन दोष एकदम आहेत आणि ते एकमेकांना झाकत आहेत. असे क्वचित घडते. घडते तेव्हा फार सुंदर असते.

अंजूच्या साक्षीवर विसंबू नकोस. दोन्हीकडचा आवाज तोलायला सवयीचा कान लागतो. तू भजनात वर्षानुवर्षे झील धरली आहेस. तुझा कान हे आपले मोजमापाचे साधन आहे, आणि साधन बदलले तर मापन निरर्थक ठरते.

नवा कंडेन्सर आणि त्याला रिकामा करणारा रोधक या पाकिटात घालून पाठवत आहे. जुना काढून हे दोन्ही आकृतीप्रमाणे लाव. डाग देताना घाई नको. तारा जांभळ्या शाईने दाखवल्या आहेत.

तुझी रुख्मिणीताई म्हणत होती की तुझ्याशी फोनवर बोलणेच होत नाही. मी तिला तुमच्याकडच्या रेंजचे सांगितले.

तुझा,
पुंडलिकराव


गिरड
११ ऑगस्ट २००८

ती. भाऊजींस,
साष्टांग नमस्कार.

तुमचा कंडेन्सर लावला. आता सगळं बरोबर हाय. शिट्टी बंद झाली. गाणेवाला मधात उभा हाय.

तुमी लय मेहनत घेतली. ताईले नमस्कार.

तुमचा,
भूपेंद्र


नालवाडी, वर्धा
१५ ऑगस्ट २००८

चि. भूपेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

ध्वजवंदन करून आलो आणि कालच्या डाकेतले तुझे पत्र उघडले. मी ते रुख्मिणीला मोठ्याने वाचून दाखवले. पाहिलेस ना, दोष कितीही लपला तरी पद्धतीपुढे त्याचे चालत नाही.

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत पुढच्या महिन्यात माझे व्याख्यान आहे. विषय ठरवला: 'दोन दोष एकमेकांना झाकतात तेव्हा'. तुझ्या डब्याची हकीकत पहिल्यापासून सांगणार आहे. तू आलास तर तुला शेजारी बसवीन.

तुझा,
पुंडलिकराव


गिरड
२६ ऑगस्ट २००८

ती. भाऊजींस,
नमस्कार.

पत्र मी लिहून राह्यली, कारण हे लिहिनार नाईत.

ह्याइनं तुमाले लिहिलं का डबा बरोबर झाला. डबा तं पहिल्यापासूनच बरोबर होता. ह्याइचा डावा कान गेला.

मले समजलं ते असं. सोमवारच्या भजनात हे रूपरावजीच्या उजव्या बाजूले बसतात, म्हणून त्याइचा आवाज ह्याइच्या डाव्या कानाकडून येते. मांगच्या सोमवारी रूपरावजीनं ओळ सोडली, सारं मंडळ ह्याइच्याकडे पाहून राह्यलं, अन् हे आपले टाळ धरून बसून. रूपरावजी या खेपेस हसले नाईत. भजन संपल्यावर घरी आले अन् मले म्हणाले, वहिनी, भूपेनले दवाखान्यात न्या. मंग मी ह्याइच्या डाव्या बाजूनं उभी राहून आवाज दिला. पुन्हा दिला. हे चहात साखर हलवत राह्यले.

विचारलं तवा सांगतलं. ज्या दिवशी पोती हलवली, त्या दिवशीच ह्याइले समजलं होतं. गाणं सुरूच होतं, हे फळीवरचा साखरेचा डबा काढाले मांगं फिरले. पेट्या पाठीकडे झाल्या, तरी गाणेवाला उजव्याच कानाशी. म्हणजे मानूस फिरला तं गाणेवाला बी संगं फिरला. शिट्टी तं थोडा वेळ नाई, रातंदिवस होती. लाईन गेल्यावर सारं गाव चूप झालं तरी होती.

मी म्हटलं, मंग भाऊजीले काऊन नाई सांगतलं? हे म्हणाले, "जावयाले चुकलं म्हणू का मी? एवढ्या रंगाच्या पेनानं आकृत्या काढून पाठवून राह्यले. अन् कान गेला म्हटलं तं तो खरंच गेला असता ना."

वर्धेले कानाच्या डॉक्टरकडे गेलतो. आमच्या घरी आलो नाई, माफ करजा. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून? ह्याइनं चक्कर आली तो रविवार सांगतला. डॉक्टरनं कॅलेंडरवर दिवस मोजले. म्हणाले, पहिल्याच आठवड्यात आणलं असतं तं बरंच काई करता आलं असतं. दोन आठवड्यात बी काई आशा होती. आता औषध देऊन पाहू, पण भरवसा देत नाई.

गोळ्या सुरू हायत. चक्कर गेली. कान नाई आला.

तुमच्यावर राग नाई, भाऊजी. हे रोज पोस्टमनची वाट पाहत. पण आता पत्र पाठवसान तं त्यात आकृती काढजा नका.

तुमची,
अंजू


नालवाडी, वर्धा
१ सप्टेंबर २००८

चि. भूपेंद्र आणि सौ. अंजू यांस,
आशीर्वाद.

या पत्रात आकृती नाही.

अंजूचे पत्र रुख्मिणीने उघडले. वाचून तिने ते माझ्या टेबलावर, डागयंत्राच्या शेजारी ठेवले आणि एवढेच म्हणाली, "तुमी डब्याची तब्येत विचारत होते. माह्या भावाची नाई." त्यानंतर ती त्या खोलीत आलेली नाही. डाक पोहोचण्याआधी ती स्वतःच गिरडला पोहोचेल. उद्याच्या एसटीने निघते आहे. मी आलो तर चालेल का, हे तिने तुला विचारावे, असे तिला सांगितले आहे.

भूपेंद्र, तुझे १६ जुलैचे पत्र मी पुन्हा वाचले. सारे त्यात होते. शनिवारी गायक मध्ये होता, सोमवारी नव्हता, आणि मधल्या रविवारी चक्कर आली. फोन लागला आणि आवाज आला नाही. मी या ओळींतल्या फक्त डब्याच्या ओळी वाचल्या आणि चकरेला सुंठसाखर लिहून दिली. पेट्या बदलून आणि पोती हलवूनही गायक उजवीकडेच राहिला, तेव्हा माझ्याच परीक्षेने मला उत्तर दिले होते. दोष डब्यात नाही, भिंतीत नाही. तिसरी शक्यता नाही, असे मी लिहिले, आणि तिसरी शक्यता खुर्चीवर बसली होती. अंजूने साध्या शब्दांत सांगितले की गायक मधोमध आहे. ती एक साक्ष मानली असती, तर निदान ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात तू डॉक्टरपुढे बसला असतास. तिला सवयीचा कान नाही, असे मी लिहिले. त्या घरात धड कान तेवढे तिचेच होते.

तू मला सांगितले नाहीस, याचे मला वाईट वाटते; पण आश्चर्य वाटत नाही. माझ्या पत्रांत तुला सांगायला जागा कुठे होती? मी प्रश्न विचारत असे आणि पुढच्याच वाक्यात उत्तरही देत असे. तीस वर्षे वर्गात मी असेच शिकवले. मुले मान हलवत. त्यांना समजले, असे मी धरून चालत होतो.

व्याख्यान रद्द केले आहे.

एक काम करता येईल, पण ते मी तुझ्या होकाराशिवाय करणार नाही. ध्वनिमुद्रणात काही वाद्ये डाव्या बाजूला अधिक असतात, काही उजव्या. दोन्ही बाजू एकत्र करून एकाच पेटीतून वाजवल्या, तर भजनातले काहीही तुझ्या वाट्याचे निसटणार नाही. त्यात गायक कुठे उभा आहे, हे मात्र कोणालाच कळणार नाही. अंजूलाही नाही. तुला तसे हवे आहे की डबा आहे तसाच राहू द्यायचा, हे तू ठरव. मनात काय आहे तेच लिही. नको असेल तर नको लिही. डबा काढून माळ्यावर टाकायचा असेल, तर तसेही लिही.

रूपरावांना माझा नमस्कार सांग. तुझी बसण्याची जागा त्यांच्या डाव्या हाताला करता येते का, हे त्यांना विचार. मंडळात जागेचा मान असतो, हे मी जाणतो. तू ज्याची जागा घेशील, त्याच्याशी मी स्वतः येऊन बोलेन.

आता जे लिहितो ते अंजूसाठी. डॉक्टरांनी भूपेंद्रच्या कपाळावर नादकाटा ठेवून आवाज कुठे येतो असे विचारले असणार. तो काटा माझ्या कपाटात आहे. मी तो हजारदा वाजवला, पाण्यात बुडवून तुषार उडवून दाखवले, पण कोणाच्या कपाळाला लावून पाहिला नाही. गिरडमध्ये कोणाकडे नादकाटा नसेल. त्याची गरजही नाही. प्रत्येकाच्या गळ्यात एक असतो.

दुकानात येणाऱ्या ज्या कोणाला कान भरल्यासारखा वाटतो, कानात वारा शिरल्यासारखे वाटते, एका बाजूला शिट्टी ऐकू येते, त्याला गल्ल्यासमोरच उभे करा. ओठ मिटायला सांगा. कान झाकायचे नाहीत. तोंड न उघडता, भजन सुरू होण्याआधी सूर धरतात तसा, एक लांब हुंकार भरायला सांगा. मग विचारा, हा आवाज डोक्यात कुठे आहे? विचारून गप्प बसा. उत्तर सुचवू नका. तो मधोमध हात ठेवेल, तर मन थोडे हलके होईल, पण त्रास राहिलाच तर डॉक्टर हवाच. आवाज एका बाजूला सरकलेला असेल, तो कोणत्याही बाजूला असो, तर वाट पाहू नका. त्याला घरी पाठवू नका, पित्त म्हणू नका आणि मला पत्र लिहू नका. त्याच दिवशीच्या एसटीत बसवा.

आधी तुम्ही दोघे करा. मग एकमेकांना विचारा.

पुंडलिकराव